गोदामात राहिलेला रॉक

फारशा कुणी न ऐकलेल्या रॉक अल्बमविषयी विचारा, असं मागच्या अंकात छापलं तेव्हा संपादक हसले होते. म्हणाले, काका, पत्रं यायची नाहीत. पत्रांचा गठ्ठा आता माझ्या टेबलावर आहे. ‘पिंक फ्लॉइडवर लिहा’ असं कळवणाऱ्यांना दुरूनच नमस्कार, त्या बँडला माझ्या मदतीची गरज नाही. नवीन वाचकांसाठी माझी ओळख एवढीच की गिरगावात वाढलो, फोर्टातल्या एका कॅसेट-रेकॉर्डच्या दुकानात काउंटरमागे नोकरी केली आणि आता घरी बसून ऐकतो.

काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बीटल्स, झेपलिन, फ्लॉइड सगळं ऐकून झालं. आता कुणालाच माहीत नसलेलं काहीतरी ऐकायचंय. पन्नास अल्बमची यादी द्याल का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

यादी देणार नाही. पन्नास नावं हातात पडली की तू प्रत्येकाचं पहिलं गाणं अर्धं ऐकशील आणि पुढे सरकशील. एकच अल्बम देतो, तो महिनाभर पुरव. झॉम्बीज या इंग्लिश बँडचा ‘ओडेसी अँड ओरॅकल’.

सेंट ऑल्बन्स गावातली ही पाच मुलं. १९६४ साली त्यांचं ‘शी इज नॉट देअर’ जोरात चाललं, त्यानंतर मायदेशात त्यांची गाणी एकापाठोपाठ एक पडली. १९६७ साली सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने त्यांना हजार पौंड दिले आणि म्हटलं, करा अल्बम. मुलं अ‍ॅबी रोड स्टुडिओत शिरली तेव्हा बीटल्स ‘सार्जंट पेपर’ संपवून नुकतेच बाहेर पडले होते. जॉन लेननचं मेलोट्रॉन तिथेच राहिलं होतं, तेच आपण वापरलं, असं कीबोर्डवाला रॉड आर्जंट सांगतो. मेलोट्रॉन म्हणजे पेटीसारखंच पट्ट्यांचं वाद्य, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एकेक फीत. पट्टी दाबली की फीत सरकते आणि तिच्यावर आधीच मुद्रित केलेलं व्हायोलिन किंवा बासरी वाजते. आठेक सेकंदांत फीत संपते, की बोट उचलायचं. स्वर किंचित थरथरतो, डळमळतो. त्या अल्बमचा सगळा रंग त्या थरथरीत आहे.

पैसे इतके मोजके होते की गाणी घरी घोटून घ्यायची आणि स्टुडिओत येऊन फक्त वाजवायची. मोनो मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकाच वाटेने ऐकू येणारं, तयार झालं आणि कंपनीने डावं-उजवं वेगळं ऐकवणारं स्टीरिओही मागितलं. पैसे तर संपलेले. मग आर्जंट आणि बासवाला ख्रिस व्हाइट यांनी स्वतःच्या खिशातून दोनशे पौंड घातले. ‘धिस विल बी अवर इयर’ या गाण्यात तर ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं थेट मोनो मिक्सवरच चढवलेली होती, त्यांचा वेगळा ट्रॅक, म्हणजे टेपवरची स्वतंत्र पट्टीच नव्हती. त्यामुळे त्या गाण्याचं खरं स्टीरिओ तेव्हा निघूच शकलं नाही, बनावट काढावं लागलं. तू मोनोच शोध.

डिसेंबर १९६७ मध्ये बँड फुटला. अल्बम आला एप्रिल १९६८ मध्ये. दुकानात माल आहे आणि बँड नाही, मग कोण गाणार, कोण मुलाखती देणार? गायक कॉलिन ब्लन्स्टोन विमा कंपनीत कारकुनी करायला लागला होता. अमेरिकेतली कंपनी तर अल्बम काढायलाच तयार नव्हती. अल कूपर हा संगीतकार लंडनहून प्रत घेऊन गेला आणि ‘हा सोडू नका’ म्हणून मागे लागला, तेव्हा कुठे निघाला. १९६९ साली त्यातलं शेवटचं गाणं, ‘टाइम ऑफ द सीझन’, अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. आता गंमत बघ. बँड अस्तित्वातच नाही म्हटल्यावर तिकडच्या काही दलालांनी नकली झॉम्बीज उभे केले आणि गावोगाव फिरवले. त्यातल्या एका नकली संचातले दोघे पुढे झीझी टॉप म्हणून जगप्रसिद्ध झाले! आणि कव्हरवर ‘ओडिसी’चं स्पेलिंग चुकलंय, ते चित्रकाराने चुकवलं. बँडवाले बरीच वर्षं ‘मुद्दामच केलंय’ असं ठोकून देत होते.

पहिलं गाणं ऐकताना शब्दांकडे लक्ष दे. चाल अगदी सकाळच्या उन्हासारखी, आणि पत्र लिहिलंय कुणाला, तर तुरुंगातून सुटणाऱ्या प्रिय व्यक्तीला. मग ‘बुचर्स टेल’ला ये. पहिल्या महायुद्धातला एक सैनिक बोलतोय, पेशाने खाटीक. तो थरथरतोय, त्याला घरी जायचंय. हे ब्लन्स्टोनच्या रेशमी गळ्याला न देता ख्रिस व्हाइटने स्वतःच्या कच्च्या आवाजात म्हटलं, आणि साथीला फक्त पायपेटी. होय, आपल्या संगीत नाटकवाल्यांची असते तशी पायाने भाता मारायची. बालगंधर्वांच्या पदांमागचा ऑर्गन ऐकत मोठा झालेला माझ्यासारखा माणूस तिथे पहिल्यांदा दचकतो. त्याच जातीचं वाद्य, पण इथे त्यातून खंदकातली घुसमट बाहेर येते.

आपला हा सगळा हट्ट मला पटत नाही. जे अस्सल असतं ते टिकतंच. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी तरली. जे अल्बम लोक विसरले ते विसरण्याच्याच लायकीचे असणार.
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

मास्तर, दाखला तुम्ही दिलाय तर तोच घेतो. गाथा तरली कारण ती आधीच लोकांच्या तोंडी बसलेली होती. वह्या बुडाल्या, अभंग गावोगाव होते. आता असं समजा की अभंग देहूच्या वेशीबाहेर गेलेच नसते. मग इंद्रायणीने काय परत केलं असतं?

बिग स्टारच्या बाबतीत नेमकं हेच झालं. अमेरिकेतलं मेम्फिस शहर. अ‍ॅलेक्स चिल्टन हा पोरगा सोळाव्या वर्षी बॉक्स टॉप्स या बँडचा गायक म्हणून ‘द लेटर’ गाऊन १९६७ साली पहिल्या क्रमांकावर गेलेला. क्रिस बेल हा त्याच गावातला, स्टुडिओत रात्र-रात्र काढणारा. दोघांनी मिळून बँड काढला, नाव घेतलं स्टुडिओजवळच्या किराणा सुपरमार्केटच्या पाटीवरून, आणि १९७२ साली पहिल्या अल्बमला नाव दिलं ‘नंबर वन रेकॉर्ड’. फाजील आत्मविश्वास म्हणा. परीक्षणं मात्र खरोखर तशी आली.

आणि रेकॉर्ड दुकानात नाही! तिचं वितरण होतं स्टॅक्स या कंपनीकडे. स्टॅक्स म्हणजे सोल संगीताची नावाजलेली पेढी, कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या दुकानांत तिची मुळं घट्ट. गोऱ्या मुलांच्या गिटारचा बँड कुठल्या दुकानात ठेवायचा, याची तिच्या विक्रेत्यांना सवय नव्हती. थोड्याच दिवसांत स्टॅक्सने वितरणासाठी कोलंबिया या कंपनीशी करार केला, त्यांची यंत्रणा अवाढव्य. त्या व्यवहारात ही रेकॉर्ड कुणाचीच राहिली नाही. काउंटरमागे उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, गिऱ्हाईक एकदा विचारतं, फार तर दोनदा. ‘पुढच्या आठवड्यात येईल’ असं ऐकलं की ते समोर जे असेल ते घेऊन जातं, आणि ते विचारत होतं हे वितरकाच्या वहीत कुठेही चढत नाही. वहीत दिसतं ते एवढंच की मागणी नाही.

बेल खचला आणि त्याच वर्षाअखेरीस बाहेर पडला. १९७४ मध्ये ‘रेडिओ सिटी’ आला, तोही त्याच व्यवहारात अडकला. तिसरा अल्बम त्याच साली मुद्रित झाला आणि १९७८ पर्यंत पडून राहिला. १९७८ च्या डिसेंबरात क्रिस बेल मोटार अपघातात गेला, सत्ताविसाव्या वर्षी. त्या काळात तो वडिलांच्या रेस्टॉरंटमध्ये काम करायचा. ऐंशीच्या दशकात आरईएमसारखे बँड त्यांचं नाव घेऊ लागले, रिप्लेसमेंट्स या बँडने तर १९८७ साली ‘अ‍ॅलेक्स चिल्टन’ नावाचं गाणंच केलं, तेव्हा लोक शोधायला लागले.

मास्तर, तुम्ही शिक्षक आहात म्हणून एक सुचवतो. ‘थर्टीन’ हे एक गाणं ऐका. दोन-अडीच मिनिटांचं, ड्रम्स नाहीत, अकूस्टिक गिटार आणि मागे हलकेच मिसळलेले आवाज. तेरा वर्षांचा मुलगा मुलीला विचारतोय, शाळेतून घरी सोडायला येऊ का? तुझ्या बाबांना सांग माझ्या मागे लागू नका म्हणून. शेवटी म्हणतो, नको असेल तर तसं सांग, मी जातो. ती काय म्हणाली ते गाण्यात नाही. अशी मुलं तुमच्या वर्गात बसून गेली असतील.

एक मान्य करतो. विस्मरणात गेलेलं बहुतेक सगळं त्याच लायकीचं असतं. न्यू हॅम्पशायरच्या तीन बहिणींचा शॅग्ज नावाचा बँड होता. वडिलांनी हट्टाने वाद्यं घेऊन दिली आणि १९६९ साली अल्बम काढायला लावला. ड्रम्स एकीकडे, गिटार दुसरीकडे, गाणं तिसरीकडे. आज जाणकार म्हणवणारे त्याच्यावर जीव टाकतात. मला तो एका बैठकीत पुरा ऐकवत नाही, आणि न ऐकवणं हा माझा हक्क आहे. कमी प्रती निघाल्या म्हणून संगीत थोर होत नाही.

बाबांच्या ट्रंकेत काही जुन्या एलपी सापडल्या. एकीवर ‘सिमला बीट’ असं लिहिलंय. हे काय प्रकरण आहे? सगळ्यांवर पांढरी बुरशी आलीय, फेकून द्याव्यात का?
— एक वाचक, ठाणे

फेकू नका! आधी साफ करा, मग पुढचं.

सिमला ही सिगारेट होती. तिच्या जाहिरातीसाठी कंपनीने बीट ग्रुपची, म्हणजे रॉक बँडची, अखिल भारतीय स्पर्धा भरवली आणि १९७० व १९७१ अशा दोन सालच्या बँडच्या दोन एलपी निघाल्या. मद्रासचे कन्फ्यूजन्स, शिलाँगचे फेंटोन्स आणि असे कितीतरी. परदेशी गिटार मिळवणं म्हणजे दिव्य होतं, आयातीवर निर्बंध. जहाजावरच्या ओळखीच्या खलाशाकडून तारा मागवायच्या आणि अ‍ॅम्प्लिफायर रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून बांधून घ्यायचा असा तो जमाना. त्या एलपींवर फझ गिटारचा जो खरखरीत आवाज आहे तो या अभावासकट आलाय, म्हणून त्याची नक्कल होत नाही. काही गाणी सरळसरळ इंग्रजी बँडची उसनवारी आहेत, काही चकित करतात. पुढे परदेशातल्या संग्राहकांना याचा शोध लागला आणि तिकडे या एलपी पुन्हा निघाल्या. आपल्याकडे ट्रंकेत राहिल्या.

त्याच ट्रंकेत अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचं ‘ऑब्सेशन ७७’ आहे का तेही बघा. मुंबईचा बँड. गायक मधुकर चंद्र धस, ज्याने अ‍ॅलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या नाटकात येशू उभा केला होता. १९७७ मधलं मुद्रण, रेकॉर्ड बाजारात आली १९८१ साली, तोवर बँड विखुरला होता. पुन्हा तेच, माल आहे आणि बँड नाही. ती सापडली तर विकायची घाई करू नका, आणि पहिल्याच फोनवाल्याला तर मुळीच देऊ नका.

आता बुरशी. आरओचं नव्हे, बॅटरीत घालतात तसलं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एखादा थेंब. चष्म्याच्या काचेचं मऊ कापड ओलं करून खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल फिरवा. आडवं घासायचं नाही. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. पुन्हा नुसत्या पाण्याने पुसा, सावलीत उभी करून वाळवा. जुन्या प्लास्टिकच्या आतल्या पिशव्या टाकून द्या, पावसाळ्यात त्याच रेकॉर्डला चिकटतात. बाहेरचं कव्हर मात्र कितीही फाटलेलं असलं तरी जपा. आणि ट्रंकेत ७८ च्या जुन्या जाड तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट अजिबात लावू नका. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने विरघळतात. शेवटचं, बाबांच्या प्लेअरची जुनी सुई तशीच वापरू नका. झिजलेली सुई एकाच फेरीत खाच ओरबाडते, ते नुकसान कशानेही भरून येत नाही.

डेट्रॉइटचा तो बांधकाम मजूर, जो दक्षिण आफ्रिकेत सुपरस्टार होता आणि त्यालाच माहीत नव्हतं, ती गोष्ट खरी की सिनेमावाल्यांनी रचलेली?
— एक वाचक, कोल्हापूर

गाभा खरा आहे. सिक्स्तो रॉड्रिगेझ, अल्बम ‘कोल्ड फॅक्ट’, १९७०. अमेरिकेत खपलाच नाही, दुसराही पडला, कंपनीने सोडलं आणि तो पाडकाम-बांधकामाच्या मजुरीला लागला. वर्णभेदाच्या राजवटीखालच्या दक्षिण आफ्रिकेत मात्र त्याची गाणी तरुण गोऱ्यांच्या घराघरांत वाजत होती, आणि त्याने स्टेजवरच स्वतःला संपवलं अशा कंड्या पिकल्या होत्या. १९९८ साली तो तिथे प्रत्यक्ष जाऊन गायला. २०१२ च्या माहितीपटाला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं. त्या माहितीपटाने एक गोष्ट शिताफीने गाळली. ऑस्ट्रेलियातही त्याचे चाहते होते आणि १९७९ व १९८१ साली तो तिथे दौरे करून आला होता. म्हणजे आपलं कुठे काहीच चाललं नाही, असं त्याला वाटायचं कारण नव्हतं. २०२३ मध्ये तो वारला. गोष्ट बाजूला ठेवून अल्बम ऐका, गोष्टीविनाही तो भक्कम उभा राहतो.

काका, सगळे बाहेरचेच. आमच्या बाजूचं, कोकण-गोव्यातलं काही नाही का?
— एक वाचक, सावंतवाडी

तुमच्याकडून बांदा ओलांडलं की तासाभरात त्या माणसाच्या गावाला लागाल. शिवोली. रेमो फर्नांडिस.

आता म्हणाल, रेमो काय दुर्लक्षित? सिनेमातला रेमो नाही. मी म्हणतोय १९८४ चा ‘गोअन क्रेझी’. मुंबईत जे. जे. ला आर्किटेक्चर शिकलेला हा मुलगा गोव्यात परतला, गाणी केली, कंपन्यांचे उंबरे झिजवले. इंग्रजी गाणी आणि तीही गोव्याविषयी, कोण घेणार? मग त्याने शिवोलीच्या घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर सगळं मुद्रित केलं. वाद्यं स्वतः, आवाज स्वतः. अशा यंत्रावर तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्या ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वाद्य घालायचं. प्रत्येक उतरवणीत टेपची सरसर वाढते आणि आधीची चूक कायमची पक्की होते, त्यामुळे पुढचं सगळं डोक्यात आधी तयार असावं लागतं. मग कॅसेटी तयार करून घेतल्या आणि आपल्या पिवळ्या स्कूटरवर लादून दुकानादुकानांत स्वतः नेऊन दिल्या.

मास्तरांना वर जे सांगितलं त्याची ही दुसरी बाजू. बिग स्टारमागे दोन कंपन्या होत्या, रेमोकडे एक स्कूटर, आणि माल पोचला तो स्कूटरवरचा. अर्थात स्कूटर गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीपर्यंतच येणार. महाराष्ट्रात ती कॅसेट गोव्याला जाऊन आलेल्या कुणाच्या तरी पिशवीतून यायची. मी पहिल्यांदा ऐकली तीही अशीच, कॉपीची कॉपी. सरसर इतकी की बाहेर पाऊस आहे की टेपवर, तेच कळेना. नंतर चांगली प्रत ऐकली तेव्हा त्याच्या बासरीत किती बारकावे आहेत ते लक्षात आलं. १९८६ चा ‘पॅक दॅट स्मॅक’ही शोधा. गोव्याच्या किनाऱ्यावर हेरॉइनने पोरं बरबाद होत होती, त्यावर त्याने उपदेशाचा सूर टाळून नाचायला लावणारं शीर्षकगीत केलं. रॉकमध्ये ही किमया फार थोड्यांना साधते.

माझ्या यजमानांनी निवृत्तीनंतर रेकॉर्ड जमवायचा सपाटा लावलाय. दर आठवड्याला एक तरी ‘दुर्मीळ’ येते. वन बीएचके आहे. सगळं माळ्यावर टाकायचं ठरवलंय, ते म्हणतात काकांना विचार.
— एक वाचक, डोंबिवली

ताई, माळा नको. यजमानांची बाजू घेत नाही, वजनाचं बोलतोय. कव्हरसकट शंभर एलपी म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास. त्या आडव्या रचल्या की खालच्या वाकतात, आणि स्लॅबखालच्या उन्हाळ्यात तर पापडासारख्या होतात. मग त्यांचं करायचं काय, हा तुमचा प्रश्न दुप्पट होईल. सव्वा फूट खोलीचं एकच कपाट करून घ्या, भिंतीला पक्कं ठोकलेलं, दर फुटावर उभी फळी, रेकॉर्ड पुस्तकांसारख्या उभ्या. आणि नियम घाला की कपाट भरलं, तर नवी आणायच्या आधी जुनी एक कुणाला तरी द्यायची. देताना ते प्रत्येक रेकॉर्ड पुन्हा ऐकत बसतील, त्यात त्यांचे चार शनिवार जातील आणि नवी खरेदी आपोआप थांबेल. त्यांनी द्यायला काढलेल्यांत झॉम्बीजची मोनो प्रत निघाली तर मला कळवा. सांगलीला एक मुलगी आहे.